उजवीकडचं हृदय

२ ऑगस्ट

चि. चिमणीस, मावशीचे भरभरून आशीर्वाद.

नर्सिंगच्या मुलींना मी ऑनलाइन शरीरशास्त्र शिकवते, ते तुला ठाऊकच आहे. खोकला आला तरी अख्खा धडा पुन्हा रेकॉर्ड करते. तरी मुलींनी अभिप्रायात लिहिलं, सगळं समजतं पण वर्गात बसावंसं वाटत नाही. पुढच्या वेळीही असंच आलं तर जुनी रेकॉर्डिंगच लावू, असं विभागप्रमुख म्हणाले. म्हणजे मी घरी! शिकवणं सुटलं तर मी करू काय गं? तूही लॅबचा कोर्स ऑनलाइन करतेस. तुम्हा पोरांना हवं तरी काय असतं?

तुझीच,
मावशी

९ ऑगस्ट

ती. मावशीस, सा. न.

रागावू नकोस, पण तुझे धडे इस्त्रीच्या चादरीसारखे असतात; बसायची भीती वाटते. आमचे सर चष्मा शोधत बसतात, पण प्रश्न विचारला की उत्तर येतंच. मी कोर्स सोडणार होते, तेव्हा त्यांनीच फोन करून विचारलं, गप्प का असतेस? म्हणून टिकले. तू रेकॉर्डिंग सोड आणि लाइव्ह समोर येऊन शिकव. खोकलीस तर खोकलीस!

माया आहेच, वाढव.
चिमणी

२७ ऑगस्ट

चि. चिमणीस, गोड पापा.

तुझं ऐकलं आणि फजिती झाली! हृदय कुठे असतं ते दाखवायला स्क्रीनवर बघत एप्रनवरच खडूने काढलं. पुस्तकातल्या चित्रात हृदय आपल्या उजव्या हाताला दिसतं, त्याची सवय, आणि स्क्रीन म्हणजे आरसा. हृदय गेलं उजवीकडे. कधी तोंड न उघडणाऱ्या मुली एकदम ओरडल्या. एक म्हणाली, मॅडम, तुम्हाला आधी ॲडमिट करू. हसता हसता मला खोकल्याची उबळ आली. मग प्रश्नच प्रश्न. एका अबोल मुलीने विचारलं, झडप बदलल्यावर माणूस पहिल्यासारखा होतो का? तिच्या वडिलांचं ऑपरेशन झालंय, हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

नवे अभिप्राय वाचून प्रमुखांनी पुढच्या सत्राचा वर्ग मलाच दिलाय. खोकल्याचं औषध घ्या, असंही बजावलं.

ती मुलगी आता वडिलांना शेजारी घेऊन बसते. आज त्यांनीच भीत भीत विचारलं, जिना चढू का? मी म्हटलं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण वर जायचंय कुणाकडे? ते लाजून म्हणाले, गच्चीवर, कबुतरांना दाणे टाकायला. तास संपला होता, पण एकही मुलगी उठली नाही.

अशीच कान धरत राहा.
तुझी मावशी