उजवा शिंपला

३ फेब्रुवारी
डोळे चुरचुरतात. सरांची जुनी पेटी उघडली. मूळ नमुन्याच्या स्लाइडवर नुसता चुरा. एकतीस वर्षांत डिंक वाळला, तडकला. उरलं ते चित्र, ट्रेसिंग पेपरवरचं. सरांची सगळी चित्रं काकू काढायच्या.

या जलचराची अख्खी जात त्या एका चित्रावर उभी आहे. नेहमीच्या जातीत डावा शिंपला उजव्यावर चढतो. हिच्यात उजवा डाव्यावर. एवढाच फरक. सरांनी नवी जात मांडली, तिला काकूंचं नाव दिलं. पुढे ती कुणालाच सापडली नाही.

४ फेब्रुवारी
जातींच्या नव्या सूचीचं काम माझ्याकडे. ती जात ठेवायची की काढायची, मीच ठरवायचं.

ह्यांनी विचारलं, "दिवसभर बघतेस तरी काय?" म्हटलं, ऑस्ट्राकॉड. गोड्या पाण्यातला, तिळाएवढा, दोन शिंपल्यांत मिटलेला. कोळंबीचा लांबचा भाऊबंद.
"मग एका माणसाला कितीसे पुरणार!"

हसायलाही कंटाळा आला.

७ फेब्रुवारी
सरांकडे. चौऱ्याऐंशी झाले, चेष्टा तीच — "आलीस, चष्मिस?" काकू गेल्यापासून घरात फक्त घड्याळाचा आवाज.

कपाटातून चहाचा डबा काढला. आत कोरडा चिखल, मूळ नमुना मिळाला त्याच तळ्याचा. तळं केव्हाच बुजवलं, आता तिथे गाड्या उभ्या असतात. "भिजव. अंडी चिवट असतात, आपल्यासारखी नाहीत. सापडेल बघ तुझी काकू." दारापर्यंत आले. "लवकर कर गं. मला बघायचंय."

८ फेब्रुवारी
भिजवला.

१५ फेब्रुवारी
काही नाही. पाठ धरली आहे.

१९ फेब्रुवारी
हललं! तीन आहेत. नाही — चार.

२६ फेब्रुवारी
बरेच झाले. पण सगळी पिल्लं. आठ वेळा कात टाकतील, मग प्रौढ. तोवर शिंपल्यावरून काही ठरवायचं नाही, हे सरांनीच शिकवलेलं. वाट बघणे.

११ मार्च
सतरा प्रौढ. एकेक करून पाहिले. डावा उजव्यावर. सतराच्या सतरा.

नेहमीचीच जात.

१२ मार्च
काकूंचा कागद पुन्हा काढला. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला आकडा कधी वाचताच आला नव्हता. कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला — आकडा सरळ! आणि चित्र माझ्या सतरा जणांशी रेघ न् रेघ जुळलं.

पेन्सिल एका बाजूला, शाई दुसऱ्या. कुणीतरी मागच्या बाजूने गिरवलं. उजव्याचा डावा झाला, डाव्याचा उजवा. बाकी काही नाही.

कुणीतरी काय! काकूच.

१३ मार्च
हे म्हणाले, "म्हाताऱ्याला नको सांगूस. किडा काही तक्रार घेऊन येणार नाही."

खरं आहे. येणार नाही.

१६ मार्च
सूचीतली ती ओळ लिहिली. खोडली. पुन्हा लिहिली. दुपारभर एवढंच केलं.

१८ मार्च
सरांकडे गेले. कागद त्यांच्या खिडकीला लावला, उलटा. सर उठून जवळ गेले. बराच वेळ आकड्यावर बोट ठेवून उभे राहिले.

मी म्हटलं, "काकूंच्या हातून चुकून झालं असेल, सर. घाईत."

सर आत वळले. "चहा घेशील?"

घेतला. सर साखर विसरले होते. तसाच प्याले.

१९ मार्च
सकाळी सरांचा फोन.
"काढून टाक ती जात. आणि कारण नीट लिही. त्या चित्रावर शाई मी फिरवली होती, तिने नाही. ती मागे उभी होती. म्हणाली, अहो, कागद उलटा आहे. मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं."