हौसाचं नाव रजिस्टरात आहे

१९ नोव्हेंबर २०१८, सोमवार. कासू.
शाळेत २९ तारखेला गोवर-रुबेलाची लस. व्हॉट्सअ‍ॅपवरून गावात घबराट. शनिवारी पालकसभा. हेडबाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. गावात मला मास्तर म्हणतात. मी पोस्टमास्तर होतो हे नव्या बाईंना ठाऊक नसावं. मीही बोललो नाही. संकल्प: भाषण कवितेत. कवितेपुढे अफवा टिकत नाही.

२० नोव्हेंबर, सकाळी ७
दोन ओळी जमल्या. 'टोच टोच गं सुईबाई, दुखत नाही मुळी काही.' पहिलीच्या वर्गात डोलत म्हणायचो, तशी चाल. शेजारच्या मालूला ऐकवली. तिची सरू सहा वर्षांची. मालू म्हणाली, काका, दुखण्याचं भय नाय, मागाहून काय होईल त्याचं हाय. संमतीचा कागद अजून कोरा. कारण सासू, गिरजाबाई. माझ्या बरोबरीची. ती नळावर बायकांना सांगते, "पुंडलिकदादाची बहीण हौसा शाळेतून देवी काढून आली, नि त्याच चैतात देवीनंच गेली. मंग टोचून उपेग काय?"
पुंडलिकदादा म्हणजे मीच. नळावर बोलायचा विषय नाही.

२१ नोव्हेंबर
कविता पुढे सरकत नाही. हौसा आठवते.
१९५९. देवीची लस टोचणारा देवी डॉक्टर वर्गात बसला होता. रडणारी पोरं आत नकोत, म्हणून खिडकीच्या गजांतून हात आत घालायचा आणि नाव सांगायचं, ते रजिस्टरात लिहून घ्यायचे. माझं झालं. धाकटी हौसा माझा सदरा धरून मागे लपली होती. मी तिच्या बांगड्या माझ्या दुसऱ्या हातात चढवल्या, पुन्हा रांगेत उभा राहिलो, बारीक आवाजात म्हणालो, "हौसा." झालं. तिच्या दंडावर पुढे फोड उठला नाही. आई म्हणाली, हिच्या अंगाला लागली नाही बहुतेक.
मी नऊ वर्षांचा होतो. भावाने जे करायचं ते केलं. एवढंच.

२३ नोव्हेंबर
ठरलं. उद्या सभेत सांगून टाकायचं. गिरजाबाईचा मुद्दा एका वाक्यात खलास. अडचण किरकोळ आहे: ते वाक्य चालीत बसत नाही.

२४ नोव्हेंबर, शनिवार
सभा उत्तम. चाळीस मिनिटं बोललो. जुनी शाळा, ओल्या पाटीचा वास, परवच्याआधीच्या कविता. दोघीतिघी उठून गेल्या, स्वयंपाक असेल. हौसावर येणार तेवढ्यात चहा आला. चहानंतर गांभीर्य राहत नाही.

२८ नोव्हेंबर
मालू कागद घेऊन दारात. म्हणाली, "सासूबाय म्हणते ते राहू दे. तुमी सांगा काका. हौसाला टोचलं व्हतं का नाय? तुमी नाय म्हणालात तर मी आत्ता सही करते."
मी म्हणालो, "रजिस्टरात नाव आहे तिचं."
यात खोटं काही नाही. मालूने कागदाची घडी घातली आणि गेली. निर्णय आईबापांचा. शेजाऱ्याने लुडबूड करू नये.

२९ नोव्हेंबर
लस झाली. पोरं दंड दाखवत घरी आली. कुणाला काही झालं नाही. सरू टोचून घ्यायला गेली नाही. सगळं पत्रात लिहून मालूला द्यावं, हे बरं. सुरुवात केली. मायना झाला.

३ डिसेंबर
नागोठण्याला दोन पोरांना गोवर, असं ऐकलं. नक्की माहीत नाही. पत्र फाडलं, अक्षर वाईट आलं होतं.

६ डिसेंबर, दुपार
राहिलेल्या पोरांसाठी नर्सबाई घरोघर फिरतायत. मालू रोह्याला बँकेत. गिरजाबाई सरूला मागल्या दारानं घेऊन आली. म्हणाली, "दादा, घटकाभर ठेव पोरीला. इचारलं तर नाय म्हण."
नर्सबाई आल्या. भली बाई, उन्हाने दमलेली. पाणी दिलं. विचारलं, घरात लहान कुणी?
म्हणालो, मी एकटाच असतो.
त्या पुढल्या आळीला गेल्या. उद्या मी स्वतः सरूला लशीसाठी पेणला नेणार होतो, पण उद्या माझी शुगरची तपासणी आहे.
सरूला एक कविता शिकवायला घेतली. दुसऱ्या कडव्याला ती माझ्या मांडीवर कलंडली, झोपली. कपाळाला हात लावून पाहिला. गार. थोड्या वेळाने पुन्हा पाहिला. गारच.
गोवर काही असा एका दुपारीत येत नाही, हे मला समजतं. तरी मालू येईपर्यंत हात तिथेच ठेवला आहे. हे एका हाताने लिहितो आहे.