घोडीच्या वाट्याची डाळ

बाबा, आज वडनेर भोलजीला वरातीच्या घोडीपायी मांडवात भांडून आले आणि तुमची फार आठवण आली. मागच्या आठवड्यात या घोडीला पोटशूळ उठला होता. लोळत होती, मालक रडत होता. त्याचं घर तिच्यावरच चालतं, आपलं तुमच्या घोडीवर चालायचं तसं. माझ्या औषधानं कशीबशी वाचली. आज तिची पहिली वरात म्हणून मी मुद्दाम गेले, तर घोडीचा गडी म्हणतो, "मॅडम, ती पोटाची पावडर देऊन टाका ना, म्हंजे डाळ चाराले मोकळे!"

बाप्पा! मी डोक्याला हात लावला. अहो, ती पावडर घोडीसाठी नसतेच. तिच्या मोठ्या आतड्यात जे बारके जिवाणू गवत पचवून देतात, त्यांचा तो खाऊ. त्यातलाही बराचसा वाटेत जठरातच आंबतो. त्यावर भिजली डाळ आणि गूळ पडला तर पोट आणखी बिघडायचं. त्या जिवाणूंचं खरं जेवण गवतच. तुम्ही असता तर हसला असता, "म्हंजे पाहुण्याच्या पोटातल्या पाहुण्यायचा पाहुणचार! भलतीच शिकली वं तू."

तेवढ्यात नवरदेवाची बहीण परात भरून डाळ-गूळ घेऊन आली. घोडीने खाल्ल्याशिवाय नवरदेव चढत नाही. मी आडवी गेले, तर त्याची आत्या कडाडली, "डाक्टरीनबाई, आमचा शकुन काऊन मोडून राह्यल्या?"

मग मी तुमचीच युक्ती केली. चार दाणे घोडीच्या ओठांना लावले, मोठ्यानं ओरडले, "घेतला घोडीनं शकुन!" आणि बाकीची डाळ माझ्या पिशवीत ओतली. आत्यासुद्धा हसली. वरात निघाली. बँडच्या पुढ्यात घोडीनं छान घट्ट, गोल लीद टाकली, म्हणजे पोट ताळ्यावर आलं, आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या. लोक पाहतच राहिले.

तुम्ही घोडी घेऊन वरातीहून आलात की उपरण्यात बांधलेल्या डाळीची गाठ सोडायचात. "नवरीच्या मायनं माह्या पोरीसाठी खास पाठवली." मी चुलीपाशी बसून चाटूनपुसून खायची. बाबा, त्या डाळीत गवताच्या काड्या असायच्या. ती कोणाच्या तोंडची आहे, हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही इतक्या हौसेनं सांगायचात, म्हणून मी दर वेळी विचारायची, "नवरी कशी होती, बाबा?"

आजची डाळ समोर आहे. लिहितालिहिता निम्मी संपवली. नवरी चांगली होती.