चित्रात न मिटलेले ओठ

बाई, परवा मी टीव्हीवर दिसलो. तुम्ही असतात तर आधी माझ्या ओठांकडेच पाहिलं असतंत. मनातल्या मनात वाचतानाही ते हलायचे, आणि तुम्ही बाकाशी थांबून म्हणायचात, "अरे, वाचतोयस की रवंथ करतोयस? मीट तोंड!"

झालं असं, की इथल्या केबलवाल्यांनी माणसांची चित्रं काढण्याची स्पर्धा ठेवली. इंदिरानगरातला हॉल, चार चित्रकार, दोन तास. समोर बसायला एक म्हातारा हवा होता. आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आयोजकांपैकी. म्हणाले, "काका, गॅलरीत बसता तसंच बसायचं. इथं चहा फुकट." आमची ही लगेच म्हणाली, "दहा मिनिटं तरी गप्प बसतील का हे?" मी बसलो. दिवे डोळ्यांवर आले, आणि वेळ जावा म्हणून तुम्ही शिकवलेली ती नदीची कविता मनात सुरू केली. झालं! "आजोबा, ओठ!" तिघे वैतागले. चौथी अंबडच्या कारखान्यात पाळीवर काम करणारी मुलगी. रजा टाकून आली होती. ही फेरी निघाली तर घरचे रंगांना नावं ठेवायचे थांबतील, असं आधी चहा घेताना म्हणाली होती. ती म्हणाली, "म्हणा काका तुम्ही, ओठ मी शेवटी काढते." मला मात्र धास्ती, माझ्या पुटपुटण्यापायी तिची फेरी जायची. मिटायला जावं तर पुढची ओळ येई. अशी तीन कडवी झाली, आणि चौथ्यापाशी ओठ आपोआप थांबले, उघडेच. तेवढ्यात तिचा ब्रश चालला.

परीक्षक कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "इतरांनी चेहरा काढला. हिनं कविता म्हणणारा माणूस काढला." पोरगी पुढच्या फेरीत गेली! जाताना पाया पडली आणि चित्र मलाच देऊन गेली. घरी आमच्या हिनं चष्मा लावून ते निरखलं. "कविता कसली? कोथिंबीर विसरून दारात उभे राहता ना, ते तोंड आहे हे."

हिला बरोबर कळलं. मला आपला वर्ग आठवतो. सगळ्यांकडून एका सुरात ती कविता म्हणवून घेताय तुम्ही; चौथ्या कडव्याला आवाज विरळ होत जातो, आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवता, "शेवटपर्यंत याचेच ओठ हलत होते." मग स्वतःचं शाईचं पेन माझ्या हातात. हे पत्र त्याच पेनानं लिहितोय. शाई अजून छान उतरते. पाठवणार कुठे? घडी करून चित्राच्या मागे खोचून ठेवीन. पोरीची फेरी निघाली, मी सुखात आहे. फक्त एक सांगायचं राहिलंय, बाई. तेव्हा चौथ्या कडव्याला मी नुसतेच ओठ हलवत होतो. ते मला अजूनही येत नाही.