बरणीतला मंगळ

चि. इट्टो हिस, रिसानीहून मोहामामाचे पोटभर आशीर्वाद.

(दगडांचा अभ्यास करून डॉक्टर झालेल्या भाचीला 'चि.' लिहावं की 'आदरणीय', यावरून तुझ्या फादमा मामीशी सकाळीच वाजलं. ती म्हणाली, "जिचं नाक पुसलं तिला आदरणीय कसलं?") तुझा खोकला कसा आहे? रबातची दमट हवा तुला मानवत नाही, हे मी आधीपासून सांगतोय. इकडे अल्लाहच्या कृपेनं सगळं ठीक. सांडणी व्याली, खजूर बरा आलाय, माझा गुडघा मात्र अजून माझं ऐकत नाही.

परवा तुझा फोन आला तेव्हा अर्धी आळी चहाला होती, म्हणून मी मुद्दाम स्पीकर लावला. मामानं दिलेला दगड मंगळाचाच निघाला, त्याच्या भेगांत मीठ सापडलं, म्हणजे तिथलं पाणी एके काळी खारट आणि जरासं आंबट असावं, आणि गुरुवारी तू हे देशोदेशीच्या विद्वानांपुढे मांडणार, हे ऐकून आळीनं टाळ्या पिटल्या. फक्त तुझ्या मामीनं किटली खाली ठेवली आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिली.

आता त्या दगडाची हकीकत. आम्ही दगडवेचे काठीच्या टोकाला चुंबक बांधून वाळवंटात हिंडतो. चुंबक चिकटला तर दगड आभाळातला, नाही तर आपला रोजचा. हा काळ्या सालीचा दगड दोन तुकडे होऊन पडलेला, आणि चुंबक काही त्याला धरेना. मी मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, एक तुकडा तिथेच टाकला आणि दुसरा चांगला चपटा होता म्हणून घरी आणला. सहा महिन्यांनी एरफूदच्या चहाच्या टपरीवर कळलं की मंगळाच्या दगडात लोखंड नावालाच, त्याला चुंबक धरतच नाही! मी धावत घरी आलो, दगड काढला, पुसला आणि तुला पाठवला. सोबत लिहिलं, 'वाळूतून उचलला तस्साच आहे.'

बाकी क्षेम. खोकल्याला मध घे.

तुझा मामा,
मोहा

ता. क. तस्सा नव्हता. ते सहा महिने तो मामीच्या मुरवलेल्या लिंबांच्या बरणीत होता. लिंबं मिठाच्या पाण्यात बुडून राहावीत म्हणून वर वजन लागतं. तू शोधलेला समुद्र बहुधा आपल्याच स्वयंपाकघरातला आहे, पोरी. मोठेपणापायी खोटं लिहिलं, त्याची मला फार लाज वाटते. माझ्यामुळे तुझी चारचौघांत मान खाली जायला नको. गुरुवारी ते मीठ मांडू नकोस.

दुसरा ता. क. काल मोपेड घेऊन गेलो. दुसरा तुकडा जिथे टाकला होता तिथेच होता. हात न लावता कोऱ्या कागदात गुंडाळून बसवाल्या ब्राहीमकडे दिलाय. (बसच्या पाटीच्या मागे ठेव, जेवणाच्या डब्यात नको, असं तीनदा बजावलंय.) त्यातही मीठ निघालं तर मग खुशाल मांड.

तिसरा ता. क. मामी सांगते, तपासून झालं असेल तर पहिला दगड परत पाठव. लिंबं वर तरंगायला लागलीत आणि तसलं चपटं वजन दुसरं मिळत नाही. आणि नव्या तुकड्यातही खारट-आंबट निघालं, तर तिकडे मंगळावर लिंबं कुठल्या जातीची होती तेवढं कळव म्हणते.