मॅरोगेट : नऊ भागांचे फेरमूल्यांकन

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी ६.१०

संकल्प. मॅरोगेट या गेमचे सगळे भाग पुन्हा खेळायचे आणि प्रत्येकाला दोन आकडे द्यायचे. कठीणपणा दहापैकी, दर्जा दहापैकी. दहावा भाग मे महिन्यात येतोय. त्याआधी इंटरनेटवर संपूर्ण तक्ता टाकायचा. तिथे लोक वाटेल तसे आकडे ठोकतात. पाचवा भाग ज्याने उघडलाही नाही तो त्याला दोन देऊन मोकळा. मला हे सहन होत नाही. मी राळेगावला ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, तपासलेले पेपर पुन्हा तपासणारा बोर्डाचा मॉडरेटर आहे. आक्षेपाला जागा राहणार नाही असं काम करीन.

१९९९ ची वही सापडली. जमीर आणि मी त्याच्या भावाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिला भाग खेळलो होतो. जमीरच्या अक्षरात : भाग १, कठीणपणा ३. खाली : जीवन्या, पोरखेळ आहे बे हा.

मलाही तेव्हा तेच वाटलं होतं. तो आकडा ग्राह्य. सुरुवात दुसऱ्या भागापासून. सगळं संपल्यावर पहिला भाग पुन्हा खेळायचा. आम्ही उत्तरपत्रिकांच्या बाबतीत हेच करतो. गठ्ठा संपला की पहिला पेपर परत तपासायचा. परीक्षक थकला की कडक होतो, ते तिथे कळतं.

९ फेब्रुवारी, रविवार

भाग २ पूर्ण. कठीणपणा ५, दर्जा ७.

बुडालेल्या गावाच्या चर्चमध्ये किल्ली शोधायला चाळीस मिनिटं गेली. दिपाली धुण्याची बादली घेऊन मागून चालली होती. थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, थे काय तिथं, डावीकडच्या कोपऱ्यात चाबी. तिला गेममधलं काहीही कळत नाही.

प्रश्न असा की, बायकोने फुकट दिलेली सूचना धरावी का? धरली तर कठीणपणा कमी होतो. न धरली तर मी अप्रामाणिक. बराच विचार केला. अर्धा गुण कमी केला, मग पुन्हा वाढवला. दिपालीला विनंती केली की पुढच्या वेळी तिकडून जाताना स्क्रीनकडे पाहू नये. ती म्हणाली, मंग तुमीच पाहत जा ना जरा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या सुरभीचे बारावीचे पेपर चालू आहेत. सेंटरवर बाइकने मीच सोडतो. मागे बसली की माझ्या डाव्या खांद्यावर टकटक करते. आज येता-जाता मिळून अकरा वेळा. परीक्षेचं टेन्शन दिसतंय. मुलांच्या अशा सवयींकडे लक्ष वेधलं तर त्या वाढतात, म्हणून काही बोललो नाही.

परवा राळेगाव रोडवर एक सायकलवाला अचानक उगवला. आधी रस्ता मोकळा होता आणि मग सायकल होती. मी ओरडलो, तोही ओरडला. कापसाचे शेत सोडून डांबरावर यायचं तर बघून यावं माणसाने.

६ मार्च, गुरुवार

भाग ३ : कठीणपणा ६, दर्जा ६.
भाग ४ : कठीणपणा ७, दर्जा ५.

दर्जा घसरतोय. नायिका एडा हातात दिवा घेऊन चालते आणि सावल्या तिच्यावर येतात. नेहमी डावीकडून आणि न सांगता. उजवीकडून आलेली सावली आधी दिसते, वेळ मिळतो, हे न्याय्य आहे. डावीकडची थेट अंगावरच असते. हा कठीणपणा नव्हे, फसवणूक आहे.

स्वतःला विचारलं : मी पूर्वग्रहदूषित आहे का? उत्तर आलं, नाही.

यामागे तांत्रिक कारण असणार. डावीकडचं चित्र उशिरा लोड होतं. ग्राफिक कार्ड गेलं असेल. उद्या कॉम्प्युटर घेऊन जमीरच्या रिपेअरिंगच्या दुकानात.

७ मार्च, शुक्रवार

जमीरने पूर्ण कॉम्प्युटर उघडून धूळ काढली. म्हणाला, कार्ड टकाटक आहे यार, कायले परेशान होऊन राह्यला. मी म्हणालो, मग डावीकडचं उशिरा का येतं? त्याने स्वतः खेळून पाहिलं. नऊ सावल्या मारल्या. मध्येच फोनवर बोलत होता.

मग मला म्हणाला, तू समोर त्या एडाकडे पाह्य, हलू नको. मी पाहिलं. म्हणाला, माहा हात दिसून राह्यला का तुले? मी विचारलं, कुठला हात?

त्याने कॉम्प्युटर बंद केला. मग चहा मागवला. निघताना म्हणाला, गाडी राहू दे इथंच, मी सोडून देतो तुले घरी. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत इतकी आपुलकी त्याने कधी दाखवली नव्हती. नको म्हणालो, बाइकवर बसलो. गल्लीच्या टोकापर्यंत तो दारातच उभा होता.

घरी मॉनिटर बदलून पाहिला. दुसऱ्यावरही डावीकडचं उशिरा येतं. दोन्ही मॉनिटर खराब. हल्ली वस्तूंना क्वालिटी राहिली नाही.

१८ मार्च, मंगळवार

भाग ५ : कठीणपणा ८, दर्जा ४.

डाव्या दंडावर निळा डाग. दाराची चौकट. दिपालीने त्यावर हळद लावली आणि म्हणाली, एकदा डोये दाखवून या ना. मी चष्म्याचा नंबर मागच्याच वर्षी तपासला आहे. वर्तमानपत्रातली बारीक जाहिरातसुद्धा वाचतो. तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, वाचता येते म्हणून नाही म्हणून राह्यली मी. मग काय म्हणून, ते सांगितलं नाही. अर्धवट विधानं करणाऱ्यांशी वाद घालता येत नाही.

३१ मार्च, सोमवार. ईद

जमीरकडे गेलो. गझालावहिनींनी शिरखुर्म्याची वाटी पुढे केली. माझा हात लागून सगळी माझ्याच पांढऱ्या शर्टवर. वाटी डावीकडून दिली होती. वहिनी हसल्या, जीवनभाऊ, तुमी तर सेवयानं अंघोळ करून राह्यले. जमीर हसला नाही.

नंतर गच्चीवर गेलो तर जमीर आणि दिपाली काहीतरी बोलत होते. मला पाहून यंदा ऊन लवकर तापलं यावर बोलू लागले. सुरभी कठड्याशी उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. या तिघांत काय शिजतंय? माझा वाढदिवस सप्टेंबरात असतो.

भाग ६ : कठीणपणा साडेआठ, दर्जा ३.

१२ एप्रिल, शनिवार

काम संपलं. भाग ७ : कठीणपणा ९, दर्जा २. भाग ८ : कठीणपणा साडेनऊ, दर्जा दीड. भाग ९ : कठीणपणा १०, दर्जा १.

आलेख काढला. सरळ रेष चढत गेली आहे. इतका स्वच्छ आलेख मी आयुष्यात पाहिला नाही. निष्कर्ष लिहिला : प्रत्येक भागागणिक निर्मात्यांनी खेळाडूवर अधिकाधिक अन्याय केला. उद्या पहिला भाग खेळून स्वतःला तपासतो आणि तक्ता टाकतो. ही फक्त औपचारिकता.

१३ एप्रिल, रविवार

भाग १. बंदरावरचा पहिलाच प्रसंग. एडा बोटीतून उतरते, दिवा उचलते, दार उघडते. १९९९ मध्ये जमीरने हा प्रसंग वडापाव खाताना संपवला होता.

तीन तास. एकतीस वेळा मेलो. दार सापडलं नाही. शेवटी सुरभी आली आणि तिने माझी हनुवटी धरून मान डावीकडे वळवली. दार होतं.

कठीणपणा ९.

आता विचार करू. पेपर तोच. परीक्षक तोच. आधी ३, आता ९. शक्यता :

अ) गेमची नवी फाइल बदललेली आहे. (जमीरला फोन केला. तो म्हणाला, तुले दिलेली फाइल माह्या जुन्या सीडीवरचीच आहे, काना-मात्रा बदलला नाही.)

ब) १९९९ मध्ये आम्ही खोटे आकडे लिहिले. (आम्हाला तेव्हा खोटं लिहायचं कारण नव्हतं.)

क)

क सुचत नाही. जेवायला बोलावलं आहे.

२१ एप्रिल, सोमवार

तक्ता अजून टाकलेला नाही. क रिकामा असताना टाकणं बरोबर नाही.

उद्या सुरभीची सीईटी. सेंटर लोहाऱ्याला, एमआयडीसीच्या पुढे. दिपाली म्हणते, ऑटो सांगून ठेवला आहे, पोरीले ऑटोनं जाऊ द्या. जमीरचाही फोन, मी कार घेऊन येतो म्हणून. मी दोघांना स्पष्ट सांगितलं. अठरा वर्षं मी यवतमाळ ते राळेगाव बाइकने जातो, एक अपघात नाही. मुलीच्या आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या दिवशी तिला परक्याच्या हवाली करणार नाही.

दिपाली सुरभीकडे पाहत होती. सुरभी म्हणाली, जाऊ दे आई, मी बसते ना मागं. ती नेहमी माझ्या बाजूने असते.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी ७.२०, एमआयडीसीच्या गेटपाशी. सुरभीने खांद्यावर टकटक केली. आजचं टेन्शन समजण्यासारखं होतं. पुन्हा केली, या वेळी जोरात, मुठीने. मी म्हणालो, शांत राहा, वेळ आहे.

रस्ता मोकळा होता आणि मग बाई होती.

ब्रेक दाबला. गाडी आडवी झाली. बाईच्या हातातला डबा लांब जाऊन पडला, भाकर रस्त्यावर. तिचं नाव तानाबाई, कारखान्यात पॅकिंगला जाते. मनगट सुजलं, हाड शाबूत आहे. सुरभीचा उजवा तळवा सोलून निघाला. तानाबाई उठून बसली आणि ओरडली, डोये फुटले का रे बाप्पा तुहे, एवढी मोठी बाई दिसली नाही तुले?

रागात माणूस असंच बोलतो.

हे वाक्य लिहून थांबलो. खोडणार होतो. राहू दे.

सुरभीने तानाबाईला पाणी पाजलं, माझा रुमाल तळव्याला बांधला, ऑटो थांबवला, बाईंना आणि मला त्यात बसवून दवाखान्यात जायला सांगितलं आणि स्वतः सेंटरवर चालत गेली. रुमालातल्या हाताने तीन तास माऊस धरला. ऑटोत तानाबाई म्हणाल्या, पोरगी वाघीण आहे तुमची. मग माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे पूर्ण मान वळवून बघत होतो.

उमरखेडला माझे बाबा असेच बघायचे. मान पूर्ण वळवून, सावकाश. भगवानराव मास्तरांचा रुबाब, असं सगळे म्हणायचे. आम्हीही म्हणायचो. शेवटची चार वर्षं ते भिंतीला हात लावून चालत. वय झालं, म्हणायचो.

संध्याकाळी सुरभी समोर बसली. पेपर कसा गेला विचारलं, तर म्हणाली, बाबा, मी जानेवारीपासून तुमच्या मागं बसून डावी बाजू पाहून राह्यली. तिकून कोणी आलं का खांदा ठोकते. आज दोनदा ठोकला.

रोजनिशी मागे जाऊन वाचली. १९ फेब्रुवारी : अकरा वेळा.

म्हणजे एका दिवसात अकरा.

३ मे, शनिवार

डोळ्यांचे डॉक्टर. जमीरच्या कारने गेलो. त्यांनी एक मशीन लावलं. एक डोळा झाकायचा, पांढऱ्या घुमटात मधल्या ठिपक्याकडे पाहायचं, बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटन दाबायचं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. मॅरोगेटचे नऊ भाग खेळलेल्या माणसासाठी हा पोरखेळ होता. ठरवलं, एकही सोडायचा नाही.

चांगला वेग धरला. मग दिवे बंद पडले. वाट पाहिली. मशीन चालवणाऱ्या मुलीला म्हणालो, तुमचं मशीन बंद पडलंय. ती म्हणाली, पाहत राहा सर. पुन्हा दोन-चार दिवे, पुन्हा बंद. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून सांगितलं की, शेवटचा रिझल्ट चुकीचा येईल, याची नोंद घ्या, मी मॉडरेटर आहे.

ती हळू आवाजात म्हणाली, मशीन चालूच आहे सर. दिवे लागून राह्यले.

मी बटन हातात धरून बसलो.

कागद निघाला. डावी बाजू काळी. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकवता येईल, सकाळ-संध्याकाळ, आयुष्यभर. त्यांनी विचारलं, घरात कुणाला होतं? मी नाही म्हणणार होतो. मग म्हणालो, वडिलांना. त्यांना कधी दाखवलं नाही.

बाइकची चावी दिपालीला दिली. तिने ती पदराला बांधली. आता राळेगावला एसटीने.

सुरभीने सात वाजता थेंब टाकले. तिच्या तळव्यावर नवी कातडी आली आहे, गुलाबी.

वही पूर्ण करतो.

क) परीक्षक अपात्र.

भाग २ ते ९ : दिलेले सर्व गुण रद्द.

भाग १ : कठीणपणा ३. जमीरचा आकडा कायम.