आईने घर कोणाला दिलं

१० ऑगस्ट
आईला पुरलं. घरासमोरच, नीरफणसाखाली. स्वयंपाकघर दिसेल अशी. माती सुकायच्या आत दादाने अंगण मोजायला टेप पसरला! लाज नाही.

११ ऑगस्ट
दादा म्हणतो, आई फोनवर त्याला म्हणाली, "हे घर तुझं." धाकटी बहीण मोएलांगी उसळलीच — "मला म्हणाली! नाताळात मी तिचे पाय चेपत होते तेव्हा!" दोघांच्याही शपथा, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. खोटं कोणीच बोलत नाही, एवढं मला कळतं. दादाला हे पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्यात. ऑकलंडच्या कारखान्यात राबून कंबर गेलीय त्याची. मोएलांगीला आपिया शहरातलं भाड्याचं घर नकोसं झालंय.

मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते? मला आई काहीच म्हणाली नाही. इतकी वर्षं तिला भरवलं, धुतलं, पुसलं — शेवटी बोलली काय, तर "कोको गार झालाय."

१४ ऑगस्ट
मामा आले. जमीन घराण्याची आणि ते घराण्याचे प्रमुख, त्यामुळे घरात कोणी राहायचं ते त्यांनी ठरवायचं. पण जाणाऱ्या माणसाचा शब्द त्यांनाही मोडता येत नाही. म्हणाले, "एका बाईने एक घर दोघांना दिलं? बरं! रविवारी प्रार्थनेनंतर थडग्यापाशी बसू. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगा. तिथे जीभ सरळ चालते."

नंतर दादा मला हळूच, "तू मोएलांगीकडे जा ना. तुला एकटीला अशी कितीशी जागा लागते?"

जळो मेलं ते घर! पण जाऊ कुठे?

१५ ऑगस्ट
सकाळी दोन कप कोको केला. दुसरा डुकरांना ओतला.

१७ ऑगस्ट
शेजारची मावशी तारोचे कंद घेऊन आली, आईच्या गोष्टी निघाल्या. डोळे गेले, मग डोकं गेलं, तशी आई दिसेल त्याला फुआटिनोच म्हणायची. माझंच नाव तेवढं शिल्लक राहिलं होतं तिच्याकडे. पाद्रीबुवा फुआटिनो! डुकरीणही फुआटिनो! पाद्रीबुवा बिचारे "ओ" द्यायचे. पोट धरून हसलो. मग मला रडूच फुटलं.

१९ ऑगस्ट
उद्या निकाल. मी आणि दादा थडग्याला चुना लावत होतो. लहानपणी भांडण झालं की करायचो तसं, एकमेकांकडे न बघता काम. चुना ढवळता ढवळता म्हणाला, "आई मला विसरली होती गं. त्या दिवशीही फोनवर म्हणते, 'फुआटिनो, हे घर तुझं.' मी म्हटलं, आई, मी याकोपो. तर पुन्हा तेच — 'हो हो, फुआटिनो, घर तुझंच.'" हाताच्या पाठीने डोळे पुसले, गालाला चुना लागला. "नावात चुकली. पण शब्द तर दिला ना मला?"

माझा हात थांबला. त्याचा नाही. त्याला कळलेलंच नाही!

आई मला म्हणाली होती. फक्त मी समोर नव्हते. आत कोको करत असेन.

आता बोलले तर घर माझं. पण मग दादाकडे आईचं काय राहील? तो शब्द घेऊन तर समुद्र ओलांडून आलाय तो. देवा, मला कशाला ऐकवलंस?

२१ ऑगस्ट
काल सांगितलं. दादाचेच शब्द, नावासकट, सगळ्यांसमोर. मोएलांगी मान खाली घालून म्हणाली, "मलाही ताईचंच नाव घेऊन म्हणाली होती." घर माझं झालं.

आज सकाळच्या बोटीने दादा निघाला. धक्क्यावरून मी हाका मारल्या — याकोपो! याकोपो! — आई पूर्वी मारायची तशा. त्याने वळून पाहिलं नाही.